हातांनी ऐकणं

आमच्या दुबईतल्या अल कुसैसच्या घरात फोडणीचा आवाज बंद पडला, त्या दिवसांबद्दल मला लिहायचं आहे. सुतकात फोडणी घालत नाहीत. त्यामुळे दादा गेल्यावर स्वयंपाकघरातून नुसता पाणी उकळल्याचा आवाज येई आणि त्यामागे एसीची घरघर. मोहरी तडतडली नाही की घर किती दूरपर्यंत ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं. खालच्या मशिदीतली बांग, लिफ्टचं दार, वरच्या मजल्यावर कुणीतरी ओढलेली खुर्ची, सगळं आमच्याच खोलीत घडल्यासारखं वाटे. आई भात आणि बिनफोडणीचं वरण करून ठेवी. शेजाऱ्यांनी आणून दिलेले खुबूस, म्हणजे तिथल्या अरबी रोट्या, पिशवीत तसेच वाळत. बाबा शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. एरवी घरी आले की आधी पुस्तक शोधणारा आणि मग चहा मागणारा माणूस. ते आता दारातच बूट काढायचे विसरून उभे राहत.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ निनाद, धुक्यात गेला. हिवाळ्यात तिथे वाळवंटाकडून पहाटे धुकं येतं. आधी समोरची इमारत जाते, मग रस्त्यावरचे दिवे, मग आपल्याच गॅलरीचा कठडा. तो कॉलेजला निघाला होता आणि हायवेवर पुढे थांबलेला ट्रक त्याला दिसला नाही. याहून जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही. मला लिहायचं आहे ते त्यानंतर आमच्या हॉलमध्ये जे चाललं त्याबद्दल, आणि ते समजायला थोडं आधीचं सांगायला हवं.

आमच्याच इमारतीत फांग आंटी राहत, मूळच्या चीनच्या. देऱ्याच्या बाजारात त्यांचा टाइल्सचा घाऊक धंदा होता. मोठ्याने हसणाऱ्या, भाव ठरवताना समोरच्याचा कोपर धरून ठेवणाऱ्या, पठाण आणि मल्याळी गिऱ्हाइकांकडून हिंदी शिकलेल्या. संध्याकाळी इमारतीमागच्या लहानशा बागेत त्या ताई ची, ही संथ हालचालींची चिनी युद्धविद्या, शिकवत. दादाची पाठ दुखे म्हणून तो तिकडे गेला, आणि बाबांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा त्याने त्यांनाही ओढून नेलं. मी बाकावर पुस्तक घेऊन बसे. आई कधी भाजी घेऊन येताना थांबे, दोन मिनिटं बघे आणि म्हणे, "ही मारामारीची विद्या? आमच्या आजोळच्या म्हशी यापेक्षा चपळ होत्या."

बाबा आणि दादा यांना सगळ्यात आवडे ते जोडीने करायचं. समोरासमोर उभं राहायचं, एक पाय पुढे, मनगटाला मनगट लावलेलं, आणि जात्यावर दळल्यासारखे हात गोल फिरवत राहायचं. दिसायला एवढंच. पण त्यातला नियम असा, की समोरच्याचा हात सोडायचा नाही आणि अडवायचाही नाही. "हाथ से सुनो," आंटी म्हणत, "कान झूठ बोलता है, चमड़ी नहीं बोलता." समोरचा ढकलणार हे त्याने ढकलण्याआधी आपल्या कातडीला कळायला हवं, आणि कळलं की तिथे आपण नसायचं. जिथे तो जोर लावील तिथे रिकामं व्हायचं. मग त्याचाच जोर त्याला घेऊन पडतो.

बाबांना रिकामं होणं जमत नसे. "बाबा, यू आर अ वॉल," दादा ओरडे. "अ वॉल विथ बीपी!"

"अरे, आपल्याकडे भिंतसुद्धा चालवून दाखवली आहे लोकांनी."

"देन मूव्ह ना, प्लीज! यल्ला!"

दादाची खोड वेगळी. ढकलण्याआधी त्याच्या हाताची करंगळीकडची कड समोरच्याच्या मनगटावर हलकेच दाबली जाई. त्याला स्वतःला ते कधी कळलं नाही. बाबांना मात्र कळे, ते तेवढ्यापुरते बाजूला होत आणि दादा त्यांच्या खांद्यावरून पुढे धडपडे. "हाऊ डू यू नो?" तो वैतागून विचारी. बाबा म्हणत, "तू आत येण्याआधी दार वाजवतोस, बाळा."

पुढे मी या विद्येवरची पुष्कळ पुस्तकं वाचली, पण फांग आंटींनी बागेत सांगितलं त्यापलीकडे मला फारसं काही सापडलं नाही. सुरुवातीला काहीच करायचं नसे. पाय खांद्यांइतके अंतर ठेवून, हात सैल, नजर कुठेच नाही. या उभं राहण्याला त्या वूची म्हणत. हलण्याआधीची अवस्था, जिथे एकाचे अजून दोन झालेले नाहीत; डावं नाही, उजवं नाही, मी नाही, समोरचा नाही. मग हात वर येतात आणि दोन होतात, भरलेला पाय आणि रिकामा पाय, देणारा हात आणि घेणारा हात. सगळी हालचाल म्हणजे हे दोघं एकमेकांत ओतले जाणं. आणि शेवटी, कितीही दमलेले असा, हात सावकाश खाली आणून पुन्हा त्याच उभं राहण्यात परतायचं. हा परतीचा भाग कुणी घाईत टाळला की आंटी भडकत. "दुकान खुला छोड़ के घर चला गया? अंदर कौन आके बैठेगा, मालूम?"

बाबांना हे ऐकल्याबरोबर गणपती आठवला. मातीत देवाला बोलावतात आणि दिवस भरले की उत्तरपूजा करून मूर्ती जागची जराशी हलवतात, मग ती नुसती माती उरते, असं त्यांनी आंटींना हिंदीतून समजावलं. आंटींनी टाळी वाजवली. "सेम सेम! मेहमान को बुलाया, तो जाने भी दो." त्या दिवशी बाबा फार खुशीत घरी आले. आईला म्हणाले, "बघ, चीनपासून कोकणापर्यंत एकच व्यवहार आहे." आई म्हणाली, "व्यवहार राहू दे, पिठलं गार होतंय." पिठलं आणि गरम खुबूस, वर कच्चा कांदा. भाकरी करायला वेळ नसे तेव्हा आमच्याकडे हे असे, आणि दादाला ते भाकरीपेक्षा आवडे.

दहाव्याचे पिंड इमारतीच्या गच्चीवर ठेवले होते. कावळ्यांची तिथे कमतरता नाही. डिश अँटेनांवर ओळीने बसलेले असतात. बर दुबईहून आलेल्या गुरुजींनी आम्हाला मागे सरकायला सांगितलं. कावळे बघत होते, पण खाली उतरत नव्हते. गेलेल्याची इच्छा राहून गेली असेल तर कावळा शिवत नाही, आणि ती इच्छा ओळखून घरच्यांनी शब्द द्यायचा असतो. आई हात जोडून माझं नाव घेत म्हणाली, "रेवाला खूप शिकवू रे. तिची काळजी करू नकोस." एकही कावळा हलला नाही. "तुझी गिटार कुणाला देणार नाही." काही नाही. ऊन चढत गेलं. गच्चीची फरशी चपलेच्या तळव्यातून भाजायला लागली. गुरुजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून घेऊ या, चालतं तेही." तेव्हा बाबा दोन पावलं पुढे गेले आणि रोजच्या बोलण्याच्या आवाजात म्हणाले, "निनाद, आपला सराव मी बंद पडू देणार नाही. रोज तुझ्याबरोबर उभा राहीन." वाक्य संपलं आणि माझ्या कानाजवळून पंखांचा वारा गेला. कावळ्याने पिंडाला चोच लावली तेव्हा आई मोठ्याने रडली. बाबा रडले नाहीत. त्यांचा उजवा हात पुढे उचललेला होता, मनगट बाहेरच्या बाजूला वळवलेलं, आणि तो तसाच राहिला.

फांग आंटी गच्चीच्या दाराशी उभ्या होत्या. पांढरा शर्ट घालून आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन हे काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्या नेहमी हसत, तशा हसल्या नाहीत. "रोज, ठीक है," त्या म्हणाल्या. "कब तक?"

बाबांनी ते सांगितलं नव्हतं.

सुतक फिटलं, फोडणी परत आली, पण बाबा परत आले नाहीत. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी ते हॉलमधला गालिचा गुंडाळत, सोफा भिंतीला लावत आणि अनवाणी उभे राहत. हात वर येत आणि हवेशी फिरायला लागत. सुरुवातीला आई मला म्हणाली, "करू दे. रडण्यापेक्षा बरं." पण काही दिवसांनी मला दिसायला लागलं की ते एकट्याने करायची कवायत करत नव्हते. त्यांचे हात थांबत, वाट बघत, कुणाच्या तरी मागे जात. मधेच ते अंग वळवून बाजूला होत आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुनं, जिंकल्याचं हसू येई. मी माझ्या खोलीतून ऐके. फरशीवर पाय वळल्याचा आवाज. मग जरा पलीकडे दुसरा. मी स्वतःला सांगे की हॉल रिकामा आहे म्हणून आवाज घुमतो. इतकी वर्षं झाली, घुमणारा आवाज मूळ आवाजाच्या आधी कसा येई, हे मला अजून स्वतःला सांगता आलेलं नाही.

आणि ते शेवट करत नसत. हात खाली आणून उभं राहणं त्यांनी सोडून दिलं होतं. घड्याळ बघून ते मधूनच निघत आणि तसेच आंघोळीला जात. जेवायला बसले तरी डावा हात टेबलापासून थोडा वर तरंगत असे, कुणीतरी त्यावर मनगट टेकवलं असावं तसा. आई तो हात धरून खाली ठेवी. घास घेईपर्यंत तो पुन्हा वर आलेला असे. त्यांच्या मनगटांच्या बाहेरच्या बाजूला लालसर चट्टे पडले. आई खोबरेल तेल लावी आणि काही विचारत नसे. बाबा वाळत चालले होते. कारखान्यातून फोन येत, की साहेब मीटिंगमध्ये बसल्या बसल्या गप्प होतात, बरे आहेत ना.

माझी बारावीची परीक्षा झाली की पुण्याला परत जायचं, असं आईने ठरवलं. तिने ते बाबांना जेवताना सांगितलं. बाबा शांतपणे म्हणाले, "तुम्ही दोघी व्हा पुढे."

"आणि तुम्ही?"

"मला नाही येता येणार. तो इथे येतो."

आईने चमचा खाली ठेवला. "अहो, मलाही तो हवाय. पण ही पोर आहे आपली. ही इथे बसलीय, जिवंत." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मायेनेच पाहिलं, पण आगगाडीच्या खिडकीतून फलाटावरच्या माणसाकडे पाहावं तसं. मला त्या क्षणी कळलं की आता उशीर केला तर हा माणूसही जाईल, आणि त्याच्यासाठी कुणी गच्चीवर हात जोडून उभंसुद्धा राहणार नाही, कारण तो इथेच, आमच्यासमोर, जेवत असेल.

मी फांग आंटींकडे गेले. त्यांनी आमच्याकडे येऊन एक सकाळ बाबांना पाहिलं होतं आणि चहा न घेता परत गेल्या होत्या. "तेरा बाप पुश नहीं कर रहा," त्या म्हणाल्या. "पकड़ के खड़ा है. यह ताई ची नहीं है."

"वहाँ कोई है क्या, आंटी?"

"मुझे क्या मालूम! मेरा भाई है क्या?" मग त्यांनी माझा कोपर धरला. "तू बीच में हाथ रख. सुन. कोई नहीं है, तो तेरे को बाप मिलेगा. कोई है, तो..." त्यांनी खांदे उडवले. "तो भी सुन. डरना मत, लड़ना मत. जिधर ज़ोर आए, उधर तू मत रह."

मी कधीच काही न शिकलेली मुलगी. त्या रोज संध्याकाळी मला बागेत उभं करू लागल्या. आधी नुसतं उभं राहणं, कंटाळा येऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मनगट. माझ्यात फार विचार भरलेत असं त्या म्हणत. "तू हाथ से भी किताब पढ़ती है." पण हळूहळू मला ऐकू यायला लागलं. त्यांच्या मनगटातून त्यांचा श्वास, खांदा, टाचेवर गेलेला भार. एकदा त्यांच्या हातातून एकाएकी दुःख आलं, मी वर पाहिलं, तर त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "मेरा भी एक था," एवढंच म्हणाल्या आणि हात फिरवत राहिल्या. मग नेहमीप्रमाणे दोघींचे हात खाली आले आणि आम्ही उभ्या राहिलो. समोरचा निराळा उरत नाही असं त्या म्हणत, ते काय असतं याची पुसटशी जाणीव मला त्या संध्याकाळी झाली. गेलेल्याला जाऊ देणं म्हणजे त्याला विसरणं नव्हे. जिथून दोघं निघाले तिथे दोघांनी परतायचं, एवढंच ते असतं. पण हे मी आता लिहिते आहे. बाबा याच वर्षी गेले, म्हातारे होऊन, पुण्यात, झोपेत. मी सध्या सकाळी बराच वेळ नुसती उभी असते. तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला फक्त भीती वाटत होती.

ती सुट्टीची सकाळ होती आणि धुकं आलं होतं. हॉलच्या काचेबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. आई स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होती. बाबा हॉलच्या मधोमध उभे राहून हात फिरवत होते, डोळे अर्धे मिटलेले. मी अनवाणी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या मनगटाला मनगट लावलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात फिरत राहिले आणि मी ऐकू लागले. बाबांचा थकवा आला, त्यांचा जड उजवा खांदा आला. मला वाटलं, आंटी म्हणाल्या तसे मला बाबा मिळाले. मग माझ्या हाताच्या दुसऱ्या अंगाला, जिथे माझ्यामागे फक्त काच आणि काचेपलीकडे धुकं होतं, तिथे काहीतरी टेकलं. गार नव्हतं, गरम नव्हतं. वजन होतं. माझा हात दोघांच्या मधे फिरत होता. आणि मग त्या बाजूने, हलकेच, एखाद्या करंगळीची कड दाबावी तसं माझ्या मनगटावर दाबलं गेलं.

मी ओरडले नाही. लढू नको, असं आंटी म्हणाल्या होत्या. आता दोन्हीकडून जोर येणार हे मला कळलं, आणि त्या जागी मी राहिले नाही. कमरेतून वळले, हात रिकामा केला, बाहेर आले. बाबांनी त्याच क्षणी सगळ्या अंगाने पुढे ढकललं. मी समोरून निघाले होते. समोर कुणी नव्हतं. ते तोंडावर पडायला हवे होते.

ते पडले नाहीत. पुढच्या गुडघ्याच्या कितीतरी पुढे छाती, टाचा उचललेल्या, दोन्ही हात पसरलेले, असे ते हवेवर रेलून राहिले. कुठलंही अंग त्या कोनात टिकत नाही. फरशीवर पाय घसरत नव्हते. त्यांच्या मनगटांवरचे चट्टे माझ्या डोळ्यांदेखत पांढरे पडले, जसं बोटाने दाबल्यावर कातडं पांढरं पडतं. आणि चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की ते मोडायला माझी जीभ उचलली नाही.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात उलथनं. तिने सगळं पाहिलं होतं. ती बाबांकडे बघत नव्हती, त्यांच्यासमोरच्या जागेकडे बघत होती. मला वाटलं आता ती किंचाळेल. पण ती दारातूनच, रोज बागेतून त्या दोघांना वर बोलावताना वापरायची त्या करवादल्या आवाजात म्हणाली, "निनाद, पुरे आता. किती वेळ? सोड बाबांना, त्यांना खाऊ दे."

एसी चालू होता. बाकी काही नाही. मग बाबा पडले.

हनुवटी फरशीवर आपटली, ओठ फुटला. आम्ही दोघींनी त्यांना उचलून बसवलं. ते आपल्या तळहातांकडे बघत होते. दोन्ही हात मांडीवर पडले होते, जड, आणि वर उठत नव्हते. "मी नाही सोडलं," ते म्हणाले. "मी शब्द मोडला नाही. त्यानेच सोडलं. आईने हाक मारली आणि त्याने..." आणि मग कावळ्याच्या दिवशी जे आलं नव्हतं ते आलं. मी बाबांना तसं रडताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. आईने त्यांचं डोकं कुशीत घेतलं. उलथनं अजून तिच्या हातात होतं, आणि ती मला म्हणाली, "गॅस बंद कर, जा. करपतंय."

पोहे खालून लागले होते. आम्ही तेच खाल्ले. बाहेरचं धुकं विरत होतं, समोरच्या इमारतीच्या वरच्या गॅलऱ्या आधी परत आल्या. लिंबू फुटलेल्या ओठाला झोंबत असणार, पण बाबा खात राहिले, आणि आईने वाढलेलं सगळं त्यांनी संपवलं. पाणी प्यायले. मग ग्लास खाली ठेवून त्यांनी आईला विचारलं, "तिकिटं किती जणांची काढायची?"

आई ताटं एकात एक ठेवत राहिली.

"तिघांची," ती म्हणाली.